पश्चिमी विक्षोभ, वसंतकालीन

मध्य अक्षांशांतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर भूमध्य समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातून पूर्वेकडे सरकत येणारी आणि एप्रिल–मे महिन्यांत हिमालयात हिमवृष्टी, तर थरच्या वाळवंटात व त्यालगतच्या मैदानांत धुळीची वादळे घडवून आणणारी वातावरणीय प्रणाली. वृत्तपत्रांतून तिला पुष्कळदा ‘पश्चिमी झंझावात’ म्हणतात. परंतु प्रत्येक विक्षोभ झंझावाती असतोच असे नाही. हिवाळ्यात दरमहा सु. ४ ते ६ विक्षोभ वायव्य भारतावरून जातात. गव्हाला पाऊस आणि हिमालयाला हिमसाठा देणारे म्हणून ते उपकारक मानले जातात. वसंताच्या अखेरीस येणारा विक्षोभ मूलतः त्याच जातीचा असतो. मात्र त्याच्याखालची भूमी तोवर तापलेली असल्याने त्याचे परिणाम निराळे होतात.

हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेस सु. १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून अतिवेगवान वाऱ्याचा झोत (जेट प्रवाह) वाहत असतो. त्यातील द्रोणीसारख्या वळणांतून विक्षोभ पुढे सरकतात. जूनच्या सुमारास हा प्रवाह तिबेटच्या पठाराच्या उत्तरेस सरकतो. तोवर विक्षोभांची वाट मोकळी असते. द्रोणीच्या पुढील भागातील नैर्ऋत्य वारे अरबी समुद्रावरील बाष्प ओढून आणतात. पर्वताच्या उतारावर ही हवा वर चढते, निवते आणि मे महिन्यातही सु. ३,५०० मी.हून उंच प्रदेशात हिम पडते. केदारनाथ (३,५८३ मी.) व रोहतांग खिंड (३,९७८ मी.) ही अशी ठिकाणे होत.

त्याच वेळी मैदानात तापमान ४०° से.च्या वर गेलेले असते. विक्षोभाच्या प्रभावाने राजस्थान व त्यालगतच्या पाकिस्तानी भागावर कमी दाबाचे दुय्यम क्षेत्र तयार होते आणि दाबातील फरकामुळे वारे जोर धरतात. अशा वाऱ्यांनी उडणारी धूळ कित्येक तास, प्रसंगी एकदोन दिवसही हवेत राहते. याहून भयंकर प्रकार म्हणजे आंधी. तापलेल्या जमिनीवर गर्जन्मेघ उभे राहतात, पण त्यांचे तळ फार उंचावर असतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत बव्हंशी वाटेतच आटतो. त्यामुळे थंड व जड झालेली हवा कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. तिच्या अग्रभागी धुळीची भिंत चालत येते, वाऱ्याचा वेग ताशी ६० ते १०० किमी. होतो आणि भर दुपारी अंधारून येते. हवेतील गारवा हवाहवासा वाटला, तरी तो येतो छपरे उडवीत. पी. व्ही. जोसेफ, डी. के. रायपाल व एस. एन. डेका यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला वायव्य भारतातील आंधीचा अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो.

२ मे २०१८ च्या रात्री अलवर, भरतपूर, धोलपूर व आग्रा या भागांत झालेल्या वादळात १०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृत्यू प्रामुख्याने भिंती, घरे व झाडे कोसळून झाले. झोपेत असलेल्या लोकांना सावध होण्यास अवधी मिळाला नाही. विक्षोभाची चाहूल काही दिवस आधी लागते. मात्र आंधी नेमकी कोणत्या गावावर येणार, हे रडारच्या साहाय्यानेही दोनतीन तास आधीच सांगता येते. इशारा रात्रीतून गावापर्यंत पोहोचणे हा प्रश्न त्यामुळे वातावरणविज्ञानापुरता राहत नाही.

पर्वतभागातील हानी कमी गाजते. हिमाचल प्रदेश व काश्मीरमध्ये सफरचंदाच्या बहराच्या वेळी गारठा पडल्यास मधमाश्या बाहेर पडत नाहीत व फलधारणा घटते; गारांनी फुले व कोवळी फळे झडतात. उन्हाळा म्हणून हलक्या कपड्यांत आलेल्या यात्रेकरूंना अवेळी पडणारे हिम प्राणघातक ठरू शकते. जून २०२४ च्या प्रारंभी उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर हिमवादळात सापडून ९ पदभ्रमणकर्ते दगावले.

वाळवंट आणि हिमशिखरे यांचा आणखी एक संबंध आहे. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परावर्तित करते. थरच्या वाळवंटातील धूळ पश्चिम हिमालयापर्यंत पोहोचून त्यावर बसली, की हे प्रमाण घटते व हिम लवकर वितळते. नव्या हिमवृष्टीने धुळीचा थर झाकला जातो; वरचे हिम वितळताच तो पुन्हा उघडा पडतो. अशा रीतीने वसंतातील वादळे नद्यांना पाणी पुरविणाऱ्या साठ्यात भर घालतात आणि तो लवकर सरण्याची तजवीजही करतात. सतलजवरील भाक्रा धरणासारख्या जलाशयांच्या नियोजनात याला महत्त्व आहे.

महाराष्ट्र या प्रणालीच्या मुख्य मार्गापासून दूर असला, तरी अलिप्त नाही. पश्चिमी द्रोणी दक्षिणेकडे खोल उतरली आणि तिची समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेशी गाठ पडली, तर गारपीट होते. फेब्रुवारी–मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाडा व विदर्भातील गहू, हरभरा व फळबागांची अतोनात हानी झाली. जानेवारी २०२२ मध्ये विक्षोभाच्या मागोमाग आलेल्या वाऱ्यांनी पाकिस्तानातील धूळ थेट मुंबईवर आणली होती. तो काळ मात्र हिवाळ्याचा होता.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जेट प्रवाहाचे उत्तरेकडील स्थलांतर लांबत चालले असून मे ते जुलै या काळातील विक्षोभांची संख्या वाढली आहे.