धोका कोणाला आधी माहीत होता?

सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतलेल्या या चळवळीतून फॅक्टरी कमिशनसाठी जे निवेदन तयार झाले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार या त्यातल्या मागण्या आपल्या ओळखीच्या आहेत. आणखी एक मागणी मात्र आठवणीतून मागे पडली. काम करताना इजा झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, ही ती मागणी. रविवार 1890 मध्ये मिळाला. नुकसानभरपाईच्या कायद्याला 1923 साल उजाडले.

कामाच्या जागेवरचा धोका ओळखणे आणि अपघातानंतर त्याच्या मुळाशी जाणे, या दोन गोष्टींचा आपल्याकडचा प्रवास इथून तपासता येतो. या सव्वाशे-दीडशे वर्षांत कायदे आले, खाती आली, फॉर्म आले. पण मोठ्या अपघातांचे कागद एकापुढे एक ठेवून वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. धोका कोणाला तरी आधी माहीत होता. फक्त ज्याला माहीत होता त्याच्या हातात काही नव्हते, आणि ज्याच्या हातात सारे होते त्याने विचारले नव्हते.

1881 चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा त्याहून जास्त माणसे राबणाऱ्या कारखान्यांपुरता होता. धोकादायक यंत्राला कठडा घाला आणि अपघात झाला तर कळवा, एवढेच तो सुरक्षेबद्दल सांगत होता. कठडा कोणत्या यंत्राला हवा, हे इन्स्पेक्टरने ठरवायचे. त्या यंत्रापाशी रोज बारा-तेरा तास उभे राहणाऱ्याला कोणी विचारायचे कारण नव्हते.

1923 च्या कायद्याने जखमी कामगाराला आधार दिला, हे मान्यच करायला हवे. पण त्याबरोबर शरीराच्या अवयवांचे एक कोष्टकही आले. ते थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असे धरतात. तर्जनी मुळापासून गेली तर 14 टक्के, दोन पेरे गेली तर 11, एक पेर गेले तर 9. हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेले तर 5. भरपाई ठरवायची तर असा हिशेब लागतोच. अडचण अशी की अपघाताचा विचार आपल्याकडे फार काळ या कोष्टकापाशीच थांबला. पैसे दिले, फाइल मिटली. त्याच यंत्रावर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा राहिला.

14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाने हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर दाखवली. ‘फोर्ट स्टिकिन’ हे सुमारे सात हजार टनी जहाज बर्कनहेडहून कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात जवळजवळ 1400 टन दारूगोळा होता. कराचीत रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या 8700 गाठी, लाकूड आणि वंगणतेलाची पिंपे भरली गेली. दोन नंबरच्या फाळक्यात तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना झाली. एरवी दारूगोळ्याचे जहाज थेट धक्क्याला लावायची पद्धत नव्हती. युद्धाच्या घाईत तो नियम सैल केला होता.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मधले दोन तास वाचताना आजही जीव कासावीस होतो. अग्निशमन दलाचे प्रमुख होते, जहाजाचा कप्तान होता, दारूगोळा खात्याचा अधिकारी होता, बंदराचे वरिष्ठ अधिकारी होते. एक म्हणे जहाज बुडवा, दुसरा म्हणे बाहेर समुद्रात न्या, तिसरा म्हणे पाणी मारत राहा. निकाल देणारा एकही नव्हता, म्हणून पाणी मारणे चालू राहिले. फाळक्यात साचणाऱ्या पाण्यावर जळता कापूस तरंगत वर वर गेला, स्फोटकांच्या दिशेने. स्फोटाचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेकडो माणसे गेली. त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान होते. 14 एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणात पाळला जातो.

चौकशी झाली. कोणीतरी ओढलेल्या सिगारेटने कापूस पेटला असावा, हा तर्क लोकांच्या लक्षात राहिला. भरपाईचा वटहुकूमही त्याच वर्षी निघाला. पण सिगारेट हे कारण धरले तर उपाय निघतो ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी. कापूस आणि दारूगोळा एका फाळक्यात भरू देणारी परवानगी, सैल केलेला नियम आणि संकटाच्या घडीला शेवटचा शब्द कोणाचा हे न ठरवलेली व्यवस्था, या तीन गोष्टींवर ती पाटी लावता येत नाही.

चौकशी अशी ठिणगीपाशी अडकण्यामागे त्या काळाच्या विचाराचाही हात होता. अमेरिकेतल्या विमा क्षेत्रात काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांचे पुस्तक 1931 मध्ये आले. शंभरातले 88 अपघात माणसाच्या चुकीच्या कृतीमुळे होतात, हे त्यातले वाक्य जगभरच्या कारखान्यांनी उचलून धरले. एका गंभीर इजेमागे 29 किरकोळ इजा आणि 300 इजा न झालेले प्रसंग असतात, असा त्याच लेखकाचा दुसरा हिशेब होता. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण हुकलेले अपघात मोजा हा त्यातला सल्ला कामाचा होता. आपण सल्ला भिंतीवरच्या तक्त्यात ठेवला आणि 88 टक्के चौकशीच्या अहवालात घेतले. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द तिथे मुक्कामाला आले ते आजतागायत.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाने अधिनियम आला. यंत्रांचे कठडे, बंदिस्त टाक्यांत उतरण्याचे नियम, अपघाताची सूचना हे सारे त्यात नीट मांडले होते. इजा झालेला कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही तर कळवणे बंधनकारक झाले. मर्यादा कुठेतरी घालावी लागतेच. पण बोटाला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पंचिंग करणारा माणूस या नोंदीतून निसटतो, आणि त्याच्याबरोबर त्या यंत्राची गोष्टही. 1966 च्या 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. 1976 च्या दुरुस्तीने मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी आला आणि कोणाला इजा झाली नाही तरी ठरावीक धोकादायक घटना कळवण्याची तरतूदही आली. रक्त न सांडताही घटना नोंदवण्याजोगी असते, हे कारखान्यांच्या कायद्याने इथे मान्य केले.

त्याच सुमारास रासायनिक उद्योगात एक नवी रीत रुळत होती. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत 1960 च्या दशकात हॅझॉप ही पद्धत तयार झाली. कारखान्याचा नकाशा टेबलावर पसरायचा आणि प्रत्येक नळीपाशी थांबून विचारायचे: इथला प्रवाह थांबला तर? जास्त झाला तर? उलटा गेला तर? दुसरेच काही आत शिरले तर? टेबलाभोवती डिझाइन करणारा हवा, तसा प्लँट चालवणाराही हवा, ही तिची मुख्य अट. 1884 पासून चुकलेला प्रश्न इथे पद्धत म्हणून विचारला जात होता.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात तो विचारला गेला नाही असेही म्हणता येत नाही. डिसेंबर 1981 मध्ये फॉस्जीनने एका कामगाराचा बळी गेला. मे 1982 मध्ये अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने विषारी वायू सुटण्याची शक्यता, गळक्या झडपा आणि अनुभवी माणसे सोडून जाण्याचे प्रमाण लेखी नोंदवले. कामगार संघटना ओरडत होती. पत्रकार राजकुमार केसवानी शहराला सावध करत होते. जून 1984 मध्ये मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा बंद झाली. 2 डिसेंबरच्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांच्या डोळ्यांना झोंबू लागले. गळतीचे सर्वांत भरवशाचे मापक तिथे डोळेच होते. असे झोंबणे नवे नव्हते, म्हणून चहा झाल्यावर बघू असे ठरले. चहा संपेपर्यंत टाकीतला दाब हाताबाहेर गेला होता.

वायुगळतीनंतरच्या तपासाची कथाही तितकीच बोलकी आहे. डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय शास्त्रज्ञांनी आराखड्यातले आणि कामकाजातले दोष दाखवले. कंपनीच्या सल्लागारांनी 1988 मध्ये नाराज कामगाराने टाकीत पाणी सोडले असा सिद्धांत मांडला. राज्य सरकारने नेमलेला चौकशी आयोग मध्येच गुंडाळला गेला. पाणी कसे शिरले यावर वर्षानुवर्षे वाद रंगला. पाणी शिरल्यावर त्याला तोंड देणारी एकही यंत्रणा धड का नव्हती, हा प्रश्न त्या वादात बाजूला पडला. पाणी चुकून शिरो की मुद्दाम, शीतयंत्रणा दोन्ही वेळी बंदच होती.

भोपाळने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट कारखाने अधिनियमाच्या 1987 च्या दुरुस्तीत आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात व्यवस्थापन आणि कामगार यांची समसमान सुरक्षा समिती आली. कामाच्या ठिकाणी काय विष आहे हे जाणून घेण्याचा हक्क आला. कलम 41एच ने तर कामगाराला जिवावरचा धोका दिसला की तो थेट सांगण्याचा अधिकार दिला. व्यवस्थापनाने लगेच उपाय करायचा आणि इन्स्पेक्टरला अहवाल पाठवायचा. शंभर वर्षांनी का होईना, ज्याला आधी कळते त्याला कायद्याने बोलायला जागा दिली.

ती जागा पुरेशी नाही, हे 27 जुलै 2005 ला बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात दिसले. आदल्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. मुंबई स्वतःच पाण्याखाली होती, त्यामुळे समुद्रातल्या या दुर्घटनेची बातमी पुरातच वाहून गेली. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका आचाऱ्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. वादळी हवेत हेलिकॉप्टर येईना. म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर उपचारासाठी न्यायचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन नादुरुस्त, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडच्या बाजूने आणावे लागले. थ्रस्टरमध्ये बिघाड, म्हणून ते हाताने चालवत मागच्या बाजूने आणले. जखमी सुखरूप पोहोचला. मग लाटेने जहाज उचलून आदळले, त्याचे हेलिपॅड वायू वाहणाऱ्या उभ्या नळ्यांना धडकले आणि भडका उडाला. दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. 384 पैकी 362 जणांना वाचवण्यात आले, 22 जण गेले. जहाजावरच्या दाबकक्षात अडकलेले सहा पाणबुडे दीड दिवसाने सुटले.

यातले काय अज्ञात होते? क्रेन बंद आहे, थ्रस्टर त्रास देतोय, समुद्र खवळलेला आहे, नळ्या जहाजे लागतात त्याच बाजूला आहेत आणि त्यांच्यापुढची संरक्षक चौकट लहान बोटींच्या मापाची आहे. प्रत्येक तुकडा कोणाला तरी ठाऊक होता. माणसाला वाचवण्याच्या घाईत सारे तुकडे एकत्र मांडून ‘थांबा’ म्हणणारा नव्हता. उत्तर समुद्रातल्या पाइपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर 1988 मध्ये 167 माणसे गेल्यावर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 106 शिफारशी केल्या होत्या. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्याने आपल्या इथले धोके स्वतः शोधून, ते कसे आवरणार हे आधीच सिद्ध करावे, ही त्यांतली गाभ्याची. आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाचे स्वतंत्र सुरक्षा नियम 2008 मध्ये आले.

मोठे अपघात बातम्यांत येतात, छोटे येत नाहीत. पुणे परिसरात, भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग ठोकणारी प्रेस मशीन हजारोंनी आहेत. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय पंच खाली येऊ नये, अशी त्यांची साधी युक्ती असते. दोन्ही हात बटणावर म्हणजे एकही हात डायमध्ये नाही. पण एका बटणात लाकडाचा तुकडा ठोकून ते कायमचे दाबून ठेवलेले मशीन त्या धंद्यातल्या कोणालाही नवे नाही. कधी सेन्सरच बायपास केलेला असतो. बोट गेल्यावर अहवालात लिहिले जाते: ऑपरेटरने सुरक्षा साधन निकामी केले. खरेच असते ते. पण तासाला किती जॉब पडले पाहिजेत, हा आकडा कोणी आणि कोणत्या वेगावर धरून ठरवला? तो तुकडा किती दिवस तिथे होता? सुपरवायझर रोज तिथून किती वेळा गेला? टार्गेट एका हाताच्या वेगाचे आणि मशीन दोन हातांचे असेल, तर लाकडाचा तुकडा कोणीतरी ठोकणारच. एकाला काढून दुसरा ठेवला तरी तोही ठोकेल.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, त्यात 12 जण गेले. 23 मे 2024 ला त्याच वसाहतीत पुन्हा मोठा स्फोट झाला. पहिल्या चौकशीने शेजारच्या कारखान्यांना काय शिकवले, असे विचारावेसे वाटते.

नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आल्या. जिवावरचा धोका सांगण्याचा हक्क सुरक्षा संहितेत आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायची किमान मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर गेली. बोटे तुटतात ती बहुतेक अशाच छोट्या शेडमध्ये, आणि तिथे मशीनवर उभा असतो तो ठेकेदाराचा माणूस. त्याने ‘हे मशीन बरोबर नाही’ म्हटले तर उद्या गेटवर त्याला आत घेतील की नाही, याची खात्री नसते. हक्क कागदावर असला तरी तो वापरण्याची ऐपत प्रत्येकाची सारखी नाही.

म्हणून अपघात चौकशीच्या फॉर्ममध्ये एक बदल सुचवावासा वाटतो. ‘अपघाताचे कारण’ या रकान्याच्या आधी तीन ओळी हव्यात: हा धोका कोणाला आधी माहीत होता, त्याने तो कोणाला सांगितला, आणि सांगितल्यावर पुढे काय झाले. या ओळी कोऱ्या राहिल्या तर त्या कारखान्यात कोणी बोलत नाही, हे निदान कळेल. चौकशीला सुरुवात तिथूनच करावी.