अर्धा किलो जोखीम

मराठी वाचकाची पिस्तुलाशी पहिली गाठ पडली ती बहुधा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत. मीही माझ्या दोन कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या हाती पिस्तूल दिले. ते कोणत्या बनावटीचे, त्यात गोळ्या किती, असे एकाही वाचकाने आजवर विचारलेले नाही. बँकेच्या नोकरीत शस्त्राशी संबंध आला तोही दारातल्या स्टुलावर बसणाऱ्या रखवालदाराच्या दुनळी बंदुकीपुरताच. त्यामुळे टेक्सासमधल्या भाचीने फोनवर, ‘‘मामा, ग्लॉक ४३ घेऊ की सिग पी ३६५?’’ असे विचारले, तेव्हा ती मला विचारत नसून मोठ्याने विचार करते आहे, हे उघड होते.

भाची औषधविक्रेती. रात्रपाळी संपवून दोन वाजता मोटारीपर्यंत एकटी चालत जाते. त्याच वाहनतळावर तिच्या एका सहकारिणीला लुटले होते. मी म्हटले, पाळी बदलून घे. त्यावर उत्तर आले की, रात्रीचा भत्ता घराच्या हप्त्यात जातो. हप्ता म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाला पुढे बोलता येत नाही. जावईबापूंना मात्र घरात पिस्तूलच नको होते, कारण घरात अडीच वर्षांचा मुलगा.

आपल्याकडे हा प्रश्न असा पडतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवणे हेच मोठे काम, आणि मिळाला तरी ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला वर्ज्य. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना ते परवान्याशिवायही कपड्याआड बाळगता येते. दुकानदाराला ते नको असेल तर त्याने इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये पाटी लावायची! भाचीने तरीही वर्गाला बसून, नेमबाजीची परीक्षा देऊन परवाना काढला. ते मला आवडले.

आता ती दोन पिस्तुले. ग्लॉक हे ऑस्ट्रियाचे घराणे. पडद्याचे गज आणि सुऱ्या बनवणाऱ्या गास्टन ग्लॉक यांचे पिस्तूल १९८२ मध्ये तिथल्या सैन्याने स्वीकारले आणि पुढे ते जगभर गेले. त्यांतले ४३ हे २०१५ चे, अंगावर लपावे म्हणून चपटे केलेले. मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. सिग पी ३६५ आले २०१८ मध्ये, जवळजवळ तेवढ्याच आकारात दहा गोळ्या घेऊन. दोन्ही वीतभरही लांब नाहीत, जाडी इंचाच्या आसपास, वजन रिकामे असताना अर्ध्या किलोच्या आगेमागे. आकड्यांवर पाहिले तर सिगचा सौदा सरळ किफायतीचा. पण पहिल्या काही सिग पिस्तुलांत स्ट्रायकर, म्हणजे गोळीच्या बुडावर आघात करणारा भाग, मोडल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि तो सुधारावा लागला होता. भाचीचे पहिले मन ग्लॉककडे होते ते त्यामुळे.

लहान पिस्तूल चालवायला सोपे असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे. गोळी तीच, पण धक्का पेलायला वजन कमी, म्हणून हाताला हिसका जास्त. वरची सरकती पट्टी मागे ओढायलाही मनगटात जोर लागतो. भाचीने सरावाच्या जागी दोन्ही भाड्याने घेऊन चालवून पाहिली. तिची करंगळी दोन्हींच्या मुठीखाली लोंबकळत होती म्हणे.

निवड ठरली ती भलत्याच मुद्द्यावर. या पिस्तुलांतून मॅगझिन काढून घेतले तरी नळीत चढलेली एक गोळी आतच राहते. अर्धस्वयंचलित याचा अर्थच तो : एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर. ग्लॉक साफ करण्यासाठी सुटे करायचे तर आधी चाप ओढावा लागतो. रिकामे समजून ओढला आणि ते रिकामे नसले, तर? सिगला सुटे करताना चाप ओढावा लागत नाही. शिवाय अंगठ्याने सरकवायचा सुरक्षेचा खटका असलेली सिग मिळते. ग्लॉक ४३ ची भिस्त चापातल्या छोट्या तरफेवर आणि आतल्या यंत्रणेवर. शिकवणाऱ्याचे म्हणणे, घाबरलेल्या माणसाचा अंगठा खटका विसरतो. असेलही. पण वाहनतळावरचा चोर कदाचित कधीच येणार नाही, घरातला मुलगा रोज समोर आहे. मी खटक्याच्या बाजूने मत दिले, जावईबापूंनीही. सिग आले.

पर्समध्ये ठेवायचे नाही, हे भाचीचे तिनेच ठरवले. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, दुकानात खरेदी करणाऱ्या आईच्या पर्समध्ये दोन वर्षांच्या मुलाने हात घातला. पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती. आई जागीच गेली. भाची आता कमरेच्या पट्ट्याला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानात ते बाळगते.

बँकेत तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे आणि रोख दोघांनी मोजायची असे. मी ते फोनवर सांगितले ते गप्पांच्या ओघात. जावईबापूंनी मनावर घेतले. भाची घरी आली की झोपेतून उठतात. ती मॅगझिन काढते, पट्टी मागे ओढून नळीत पाहते; मग ते पाहतात, बोटही घालून खात्री करतात. त्यानंतर पिस्तूल भिंतीला बोल्टने जखडलेल्या पोलादी पेटीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत. मुलगा आता पावणेतीन वर्षांचा आहे. खुर्ची ओढत नेऊन तिच्यावर चढायला शिकला आहे.