कडेवरचा नंबर

पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांचा माग काढायचा असेल, तर घरात रुप्याचं 'ब्रिटिश वॉर मेडल' शिल्लक आहे का ते आधी बघावं. राजाचा मुखवटा सोडून द्या. पदक उभं धरा आणि भिंगातून त्याची कड वाचा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक रोमन अक्षरांत ठोकलेली असते. कित्येक पदकं अडीनडीला सोनाराकडे जाऊन वितळली आणि त्यांच्याबरोबर घरातला एकमेव पुरावाही गेला.

संपादकांनी मला लिहायला सांगितलं होतं ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनवर. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. घरात पदक नसलं, तरी तिच्या नोंदी आता घरबसल्या शोधता येतात. मी अडकलो तो तिच्या नोंदवहीतल्या एका ओळीत. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि नशीब असेल तर पुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुठेतरी पडलेल्या माणसाचा उंबरठा या एका ओळीवरून सापडतो.

ही ओळ अनमोल आहे, कारण दगडावर ते नावच नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्या ४०,५०० हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. गोऱ्या शिपायांची नावं त्यावर कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा लिहिला. माणसं मेली एकाच लढाईत, तरी हा भेद केला गेला. तो मला अक्षम्य वाटतो. २०२१ साली कमिशनने आपल्याच अहवालानंतर अशा असमान वागणुकीबद्दल माफी मागितली.

ओळ सापडली तरी गाव सापडेलच असं नाही. नोंदीत 'कुलाबा' असेल तर आजचा रायगड बघायचा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग झाला १९८१ साली. गावाचं नाव साहेबाच्या कारकुनाने कानावर पडलं तसं रोमनमध्ये उतरवलेलं, त्यात एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत. नंबरावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण प्रत्येक पलटण आपल्या माणसांना आपले नंबर देई. पलटण ठाऊक नसेल तर तोच नंबर भलत्याच घरी नेतो. शिवाय पलटणींची नावं १९२२ च्या फेररचनेत बदलली. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या कुतला शरण जावं लागलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. फेररचनेनंतर त्या पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियनी झाल्या. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिताना हे जुने-नवे क्रमांक दोन्ही द्यावेत.

सगळ्यात कठीण शोध जिवंत परतलेल्यांचा. कमिशनची वही फक्त मेलेल्यांची. पलटणीच्या युद्धरोजनिशीत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचा बहुधा आकडाच. कोकणात, साताऱ्यात गावोगावी सरकारने लावलेल्या शिळा आहेत; त्यांवरही या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढंच. म्हणून घरी पदक नसेल आणि शिपाई परतला असेल, तर तलाठ्याकडचे जुने फेरफार धुंडाळावेत. जमीन असेल तर निदान त्याचं नाव, बापाचं नाव आणि पुढे वारस कोण लागले ते तिथे मिळू शकतं. पानं मोडी लिपीत निघाली, तर मोडी वाचणारा जाणकार आधी गाठावा.