थांबविलेल्या यंत्राचें भाडें

संगणकविद्या शिकणाऱ्यास आतां मोठें यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं. ॲमेझॉन कंपनीनें २००६ सालीं आपल्या यंत्रगृहांतील संगणक तासांच्या हिशेबानें भाड्यानें देण्यास आरंभ केला. पुढें मायक्रोसॉफ्ट, गूगल इत्यादि कंपन्याही त्या धंद्यांत उतरल्या. या व्यवस्थेस क्लाउड म्हणतात. विद्यार्थी घरबसल्या दूरच्या यंत्रावर आपली प्रयोगशाळा मांडतो व वापराप्रमाणें पैसे भरतो.

परंतु ‘वापर’ या शब्दाचा अर्थ नीट समजला पाहिजे. दाराशीं उभ्या ठेवलेल्या टॅक्सीचेंही भाडें चढतच असतें. तद्वत् विद्यार्थ्यानें आपला संगणक मिटून ठेवला, तरी दूरचें यंत्र त्याच्या नांवावर चालूच राहतें. श्रोत्यांनीं हिशेब करून पाहावा. तीस दिवसांच्या महिन्याचे ७२० तास होतात. रोज दोन तास याप्रमाणें पंचवीस दिवस काम झालें, तर उपयोगाचे तास अवघे ५०. उरलेल्या ६७० तासांचें भाडें व्यर्थ जातें.

यावर उपाय म्हणजे काम संपतांच यंत्र थांबविण्याची आज्ञा देणें. मग यंत्राचा गणक व तात्पुरती स्मृति मोकळी होते आणि त्यांचें भाडें बंद पडतें. त्या स्मृतींतील मजकूर मात्र पुसला जातो. म्हणून तो आधीं डिस्कवर उतरवून ठेवावा. डिस्क ही यंत्राची वही होय. ती तशीच राहते, आणि तिचें भाडेंही चालू राहतें. राखून ठेवलेल्या सार्वजनिक पत्त्याचेंही तसेंच.

येथें कित्येकांची फसगत होते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझूरमध्यें यंत्राच्या आंतून शटडाउन केल्यास यंत्र निजतें, पण जागा अडवून ठेवतें व आकार लागतच राहतो; पोर्टलमधून स्टॉप केलें म्हणजेच जागा सुटते. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेंत थांबविलेला डेटाबेस सात दिवसांनीं आपोआप पुन्हा सुरू होतो. ‘टर्मिनेट’ ही आज्ञा तर अगदीं निराळी. तिनें यंत्र कायमचें नष्ट होतें व बहुधा त्याची मूळ डिस्कही जाते. पैसे वाचविण्याच्या घाईंत जो ती देतो, त्याचे महिन्याचे श्रम बुडतात.

म्हणून ठराविक वेळीं यंत्र थांबेल अशी योजना आधींच करावी. खर्चाची मर्यादा ओलांडतांच सूचना मिळेल अशीही तजवीज असावी. मात्र केवळ सूचनेनें यंत्र थांबत नाहीं. खोलींतून निघतांना दिवा मालवावा, ही घरोघरची शिस्तच येथें कामीं येते.