उणे साठ ते एकशे अकरा

सोलापूर जिल्ह्यात पावसाळ्यात एक प्रश्न रोज सकाळी विचारला जातो : "उजनी किती झाली?" उत्तर टक्क्यांत येते, पण हे टक्के शाळेत शिकलेल्या टक्क्यांसारखे वागत नाहीत. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात होती. धरणात दूरवर पाणी दिसत होते, तरी ते शून्याच्या खाली होते. ऑगस्टमध्ये त्याच धरणाने शंभरी गाठली. शंभर झाले म्हणजे भरले, असेही नाही. उजनी एकशे अकरा टक्क्यांपर्यंत भरून घेतात.

या विचित्र मोजपट्टीत एका जिल्ह्याच्या साऱ्या आपत्तींचा हिशेब दडलेला आहे, म्हणून ती जरा उलगडून पाहू. शंभर टक्क्यांना उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी असते. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. यातले ६३.६६ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे एरवीच्या नियोजनात हात लावायचा नाही असे धरलेले पाणी. त्याच्या वरचे ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. शून्याची रेघ मारली आहे ती मृत साठ्याच्या माथ्यावर. त्यामुळे शून्य टक्क्यालाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असते आणि उणे साठ म्हणजे मृत साठ्यातलेही ३२ टीएमसी उपसून झालेले असते. वरच्या टोकाला, शंभराच्या पुढे आणखी सहा टीएमसी चढवता येते. त्या सहाचे उपयुक्त साठ्याशी प्रमाण काढा, अकरा टक्के येतात.

आता हे पाणी येते कुठून ते बघा. सोलापूरचा वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणी घाटात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. आमच्या वर्षाचा पाऊस तिथे चोवीस तासांत! घाटमाथ्यावरचे हे पाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा, घोड असे वाटावाटांनी भीमेत येते आणि दौंडवरून उजनीच्या जलाशयात शिरते. म्हणून माढ्या-पंढरपूरचा शेतकरी डोक्यावरच्या ढगांपेक्षा "दौंडचा विसर्ग किती?" याकडे जास्त लक्ष ठेवतो. पंढरपुरात लख्ख ऊन पडलेले असते आणि चंद्रभागेच्या वाळवंटातले पुंडलिकाचे मंदिर पाण्यात असते. पूर येतो, पाऊस येतच नाही. एवढे मोठे आश्चर्य आपण दरवर्षी बघतो, म्हणून त्याचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे.

त्यात उजनीच्या खाली नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते. वीर धरणातून सोडलेले पाणी तिच्यातून येते. उजनीचे दरवाजे घट्ट बंद ठेवले तरी पंढरपूरला पाणी वाढू शकते ते यामुळे. आषाढीला वाळवंटात लाखो वारकरी उतरलेले असताना पाटबंधारे खात्याला ही दोन्ही धरणे एकदम सांभाळावी लागतात.

खरा पेच धरणावरच्या माणसापुढे आहे. पुरापासून वाचायचे तर धरण रिकामे हवे. दुष्काळापासून वाचायचे तर भरलेले हवे. धरण एकच, पाणी एकच. २०२३ साली उजनी साठ टक्क्यांच्या पुढेमागे अडकली आणि पुढच्या उन्हाळ्यात उणे साठ पाहावे लागले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कुणी "पुराची भीती आहे" म्हणून पाणी सोडले असते तर सोलापूर शहराच्या नळांचे काय झाले असते? शहराचे पिण्याचे पाणी थेट जलवाहिनीने येते, तसे नदीतूनही येते. उजनीतून सोडलेले पाणी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत दिवसेंदिवस वाहत येते, आणि वाटेत बाष्पीभवन, झिरपा, मोटारी यांचा वाटा देत देत पोहोचते.

या पेचावर तोडगा म्हणून प्रत्येक मोठ्या धरणाला एक तक्ता दिलेला असतो : कोणत्या तारखेला किती पातळीपर्यंत भरायचे, त्यावर आलेले किती सोडायचे. जून-जुलैत जागा राखायची, ऑगस्टपासून हळूहळू भरत न्यायचे, पाऊस माघारी फिरायच्या सुमारास काठोकाठ करायचे. शेकडो पावसाळी दिवसांच्या नोंदींतून काढलेला हा अंदाज आहे. आपत्तीची जोखीम कमी करणे म्हणजे काय, हे मला या तक्त्याइतके स्पष्ट कुठेच दिसलेले नाही. संकट यायच्या आधी, डोके शांत असताना, कोणते नुकसान सोसायचे आणि कोणते टाळायचे हे ठरवून कागदावर आणलेले आहे.

या कागदाला किती थोडा वेळ मिळतो पाहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. दौंडला एक लाख क्युसेक येऊ लागले की दिवसभरात ८.६४ टीएमसी जमा होतात. शंभर ते एकशे अकरा टक्क्यांमधली सहा टीएमसीची जागा सतरा तासांच्या आत संपते. हाच वेग टिकला तर शून्यापासून शंभरपर्यंतचा सारा उपयुक्त साठा सव्वासहा दिवसांत भरतो. वर्षभराचे पाणी आणि वर्षातला पूर एकाच आठवड्यात, एकाच नदीतून येतात. म्हणूनच भीमा व कृष्णा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक आणि नदीची पातळी मोजणारी यंत्रे बसवली आहेत. घाटात पडलेला पाऊस आकडा होऊन पाण्याच्या कितीतरी आधी खाली पोहोचतो. मग भोंग्यावरून ओळखीचा इशारा घुमतो : नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मोटारी काढून घ्याव्यात, जनावरे हलवावीत. बांधावरून चिखलात मोटार ओढत आणणाऱ्या शेतकऱ्याला मिळालेले ते चार-सहा तास ही या साऱ्या यंत्रणेची कमाई आहे.

सीना मात्र या हिशेबात बसत नाही. अहिल्यानगरकडून येणारी ही नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी दिसते, आणि तिच्यावर उजनीसारखे पोट असलेले धरण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. हीच सीना पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. तिथल्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. नदीकाठ निवडताना कुठे थांबावे याचे भान त्या बांधणाऱ्यांना असावे असे मला वाटते. देऊळ हजार वर्षे टिकले आहे.

आज हे भान दोन रेषांनी राखायचे असते. २५ वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटी. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकले की वाटते, आपल्या हयातीत कशाला येतोय! गणित वेगळे सांगते. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. लाल रेषेवरच्या घरात तीस वर्षे राहिलात तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के भरते. निळ्या रेषेवरच्या घराला हीच शक्यता ७१ टक्के आहे. आणि यंदा पूर आला म्हणून पुढची शंभर वर्षे सुटका झाली असे नदी धरत नाही. पुढच्या वर्षीही शंभरात एक कायमच.

पाणी कितीही आले तरी माणूस मरतो तो अनेकदा माणसाने उभारलेल्या गोष्टीमुळे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने जिल्हा झोडपला. त्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. किल्लारीच्या भूकंपाचेही तेच. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. भूकंप ६.२ चा. जवळपास आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. याच तीव्रतेच्या भूकंपात जपानसारख्या देशात घरे बहुधा उभी राहतात. आपल्याकडे दगडमातीच्या जाड भिंती होत्या आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायची रीत, म्हणजे घर जुने होईल तसे डोक्यावरचे ओझे वाढत गेलेले. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी ती मायेची माती त्या पहाटे जीवघेणी ठरली. सोलापूरच्या खेड्यांतही अशी माळवदे अजून आहेत.

किल्लारीनंतर महाराष्ट्राने पुनर्वसनाबरोबर जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभे केले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आले. दुष्काळातली शिकवण त्याहून जुनी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि नाला-बंडिंगला गेलेल्या हातांमधून रोजगार हमी योजना पक्की झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला. पाऊस नाही म्हणून धान्य नाही, यापेक्षा मजुरी नाही म्हणून धान्य विकत घेता येत नाही, हे निदान त्यामागे होते. पुढे साऱ्या देशाने ती वाट धरली.

आणि ढगांनाच विनवणी करायचाही प्रयोग इथेच झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरला रडार लावून, विमाने उडवून ढगांच्या पायथ्याशी क्षारांचे कण सोडले. काही ढगांना बीज दिले, तसल्याच काहींना मुद्दाम दिले नाही, आणि तुलना केली. बीज दिलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या शंभर चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. ढग नसेल तर मात्र विमानही काही करू शकत नाही. कोरड्या आकाशाला उत्तर अजूनही उजनी, विहीर आणि कमी पाण्यावर येणारी मालदांडी ज्वारी हेच आहे.

भीमा, सीना किंवा नीरेच्या काठी प्लॉट घेणार असाल तर सातबाऱ्याबरोबर एक गोष्ट पाटबंधारे कार्यालयात विचारून घ्या : जागा निळ्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे? आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवा.