आवळा अजून थोडं!

कुंभवलीत दुचाकी ही चैन नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत गावाला खेटून आहे आणि रात्रपाळी सुटल्यावर रिक्षा मिळेलच याची खात्री नसते. म्हणून कुंभवली, पास्थळ, सालवडपासून थेट नवापूरपर्यंत अंगणात एखादी स्प्लेंडर नाहीतर शाइन दिसतेच. शिवाय फिटर, वेल्डर आणि आयटीआय झालेल्या पोरांचा हा पट्टा. पाने घरात असतात, सुट्टीच्या दिवशी गाडी उघडायला कुणाचा हात कचरत नाही. अडचण होते ती वेगळ्याच कारणाने. घट्ट असेल तितकं पक्कं, तेल असेल तितकं बरं, ही समजूत गाडीपर्यंतही पोचलेली असते.

एक भीती मात्र फुकाची आहे. ‘घरी स्क्रूला हात लावला की वॉरंटी गेली’ असं अनेकजण सांगतात. कंपन्यांची अट असते ती ठरलेल्या सर्व्हिसेस वेळेवर, अधिकृत केंद्रात करून घेण्याची. इंजिन ऑइलची पातळी, चेनचा ढिलेपणा, टायरमधली हवा, ब्रेकचा प्ले हे तपासायला तर गाडीसोबतची पुस्तिकाच मालकाला सांगते. (ती पुस्तिका बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेली नसते.) वॉरंटी खरोखर धोक्यात येते ती मोठा हॉर्न किंवा जादा एलईडी बसवण्यासाठी वायरिंग कापलं की.

‘बीएस-६ गाडी म्हणजे कॉम्प्युटर, घरी काही करता येत नाही’ हेही अर्धंच खरं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना हे निकष लागू झाले आणि बहुतेक दुचाकींमधून कार्बोरेटर गेला. पेचकसाने स्क्रू फिरवून ‘ट्यूनिंग’ करायची सोय त्याबरोबर संपली, एवढंच. चेन, ब्रेक शू, एअर फिल्टर, केबल, ऑइल जिथे होतं तिथेच आहे. नवी खबरदारी एकच. इंजेक्शनच्या गाडीत पंप सहसा टाकीतच बसवलेला असतो आणि तो पेट्रोलनेच थंड राहतो. सतत तळ गाठेपर्यंत गाडी पळवली तर पंपाचं आयुष्य घटतं.

आता आवळण्याविषयी. ऑइल काढायचा खालचा बोल्ट पोलादी असतो, पण तो ज्यात बसतो ते इंजिनाचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं. ‘गळायला नको’ म्हणून पान्यावर पाय देऊन आवळला की गळतात ते आटेच, आणि शंभर रुपयांच्या कामाचं लेथवरचं काम होतं. गळती थांबवतो तो वॉशर, मनगटाचा जोर नव्हे. वॉशर दबला असेल तर बदलावा.

चेनचंही तसंच. ताणलेली चेन बघायला छान वाटते. पण गाडीवर दोघं बसून खड्ड्यातून गेले की मागचा स्विंगआर्म वर येतो आणि चेन आणखी ताणली जाते. तो ताण स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. १००-१२५ सीसीच्या गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध साधारण दोन ते तीन सेंटिमीटर ढिलाई लागते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. चेन ओढली की मागचं चाक मागे सरकतं, आणि ड्रम ब्रेक असेल तर त्याचा रॉडही ताणला जातो. म्हणून चेननंतर ब्रेकचा प्ले पुन्हा लावायचा असतो. हे विसरल्यामुळे ब्रेक घासत, ड्रम तापवत गाडी चालवणारे कमी नाहीत. आणि गाडी चालू ठेवून फिरत्या चेनला फडका लावणं? त्यात बोटं तुटतात.

इंजिन ऑइल हा तर समजुतींचा खजिनाच. काळं झालं म्हणजे खराब, असं सरसकट नसतं. काजळी धरून ठेवण्यासाठीच त्यात डिटर्जंट घातलेलं असतं. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून. ‘कारचं महाग ऑइल घातलं की गाडी मखमली चालते’ हा समज जास्त महागात पडतो. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या अनेक ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्याला घसरवतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं बघावं. स्प्लेंडरसारख्या गाडीची डिपस्टिक पातळी बघताना आत फिरवायची नसते, नुसती टेकवायची. फिरवून बघणाऱ्याला पातळी खरी आहे त्याहून जास्त दिसते. खुणेच्या वर भरलेलं ऑइलही इंजिनला मानवत नाही. ते फेसाळतं आणि एअर फिल्टरपर्यंत पोचू शकतं.

किनाऱ्याजवळचा खास उपाय म्हणजे पावसाळ्यापूर्वी गाडीखाली डिझेलचा फवारा. खाऱ्या वाऱ्याचं मीठ पत्र्यावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेतं. गंज खरा आहे, उपाय चुकीचा. डिझेल धूळ पकडतं, रबरी बुश फुगवतं आणि ब्रेक शूवर गेलं तर गाडी थांबत नाही. गोड्या पाण्याने धुवून, कोरडी करून, सांध्यांना ग्रीस लावणं पुरतं. बेअरिंगवर प्रेशरचा फवारा मात्र मारू नये.

डिस्क ब्रेकचं ऑइल कमी दिसलं की वरून भरणारेही आहेत. पातळी बहुधा पॅड झिजल्यामुळे उतरते, म्हणून आधी पॅड बघावेत. एबीएस, ब्लीडिंग आणि इंजिनाच्या आतलं काम मेकॅनिककडेच बरं. यात कमीपणा काहीच नाही.

राहिलं निघालेलं काळं ऑइल. ते वाळवीसाठी खांबाला फासलं जातं, नाहीतर गटारात ओतलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होतं. कारखान्यांच्या सांडपाण्यावर चिडणाऱ्या गावात तेच गटार खाडीकडे जातं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं. जुन्या ऑइलच्या डब्यात ते साठवून गॅरेजला द्यावं, कारण पुनर्प्रक्रियेसाठी ते विकत घेणारे तिथे येतात.