गरी बोटात रुतली तर : ओढण्याची घाई आणि त्यानंतरचे दोन दिवस

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर धक्क्याला लागतात आणि मांडवी, झुआरी, शापोरा या नद्यांच्या काठांवर व मानशींच्या तोंडाशी गरी घालून बसणाऱ्यांची संख्या वाढते. चणक, तांबोशी किंवा शेवटे मिळण्याच्या आशेने तासन् तास पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या या मंडळींना एका अपघाताची चांगलीच ओळख असते : माशाच्या तोंडातील गरी सोडवताना मासा एकदम उसळतो आणि गरीचे टोक माशाऐवजी बोटात शिरते. मागे उभ्या असलेल्याने काठी फेकली आणि गरी दुसऱ्याच्या कानात किंवा मानेत अडकली, असेही घडते. अशा जखमा बहुतांशी हाताला होतात आणि त्यातील बहुतेक किरकोळ असतात. त्या गंभीर होतात त्या दोन कारणांनी : गरी काढण्याची घाई आणि ती निघाल्यानंतरची बेफिकिरी.

घाई का नडते, हे गरीच्या रचनेतच दिसते. टोकाच्या थोडे अलीकडे एक उलटा दात असतो. माशाने हिसडा दिला तरी गरी सुटू नये, हे त्याचे काम. त्वचेत शिरतानाही तो सहज आत जातो, परंतु मागे ओढताच मांसात रुतून ते फाडत येतो. म्हणून पहिली कृती म्हणजे काही न ओढणे. तंगूस कापून काठी वेगळी करावी, म्हणजे चुकून ताण बसणार नाही. मासा अजून गरीला असेल तर तो आधी सोडवावा. तीन तोंडांची गरी असेल तर मोकळी टोके कापून टाकावीत किंवा चिकटपट्टीने झाकावीत, अन्यथा मदतीला आलेल्याचा हातही त्याच गरीत अडकतो. बोटात अंगठी असेल तर ती लगेच काढावी. बोट सुजल्यावर ती निघत नाही.

त्यानंतर गरी कुठे रुतली आहे ते पाहावे. डोळ्यात किंवा पापणीत असेल तर तिला हात लावू नये, डोळ्यावर दाब देऊ नये, डोळा धुण्याचाही प्रयत्न करू नये. कागदी पेल्यासारखी एखादी वस्तू डोळ्याला न टेकेल अशी वर धरून १०८ वर संपर्क साधावा आणि रुग्णालय गाठावे. मान, सांधे, गुप्तांग यांबाबतही घरगुती उपाय नकोत. बोट वाकवता येत नसेल, बोटाच्या टोकाला बधिरता आली असेल किंवा गरी खोल हाडापर्यंत गेल्यासारखी वाटत असेल, तरीही ती तशीच ठेवून डॉक्टरांकडे जावे.

उरते ती हाताच्या किंवा पायाच्या मांसल भागात वरवर रुतलेली गरी. ती काढण्याची एक पद्धत जगभरच्या गरवणाऱ्यांत रूढ आहे. कुक नावाच्या डॉक्टरांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात तिचे वर्णन केले होते आणि तिला लागतो तो केवळ दोरीचा तुकडा. जाड तंगूस किंवा मजबूत दोरी दुहेरी करून गरीच्या बाकाभोवती, म्हणजे ती त्वचेत शिरते त्या वळणाभोवती, अडकवावी. ज्या टोकाला तंगूस बांधतात ते टोक बोटाने त्वचेकडे खाली दाबून धरावे. या दाबाने आतला उलटा दात मांसातून मोकळा होतो. मग दोरी त्वचेला समांतर धरून, गरी जिकडून आत शिरली त्याच दिशेला, एकच जोरदार झटका द्यावा. अर्धवट, भीतभीत दिलेला झटका निकामी ठरतो आणि दुखापत वाढवतो. गरी वेगाने उडून येते, म्हणून समोर कोणी उभे राहू नये व झटका देणाऱ्याने चष्मा घालावा. कानाच्या पाळीसारख्या लोंबत्या भागाला ही पद्धत चालत नाही, कारण तो भाग झटक्याबरोबर हलतो. मोठी गरी असेल किंवा पहिल्या प्रयत्नात ती निघाली नाही, तर दुसरा प्रयोग करत बसू नये. दवाखान्यात भाग बधिर करून गरी पुढे ढकलतात, टोक बाहेर आल्यावर दात कापतात आणि उरलेली गरी मागे काढतात. ऐकताना अंगावर काटा येतो, पण बधिर केलेल्या भागावर अनुभवी हातांनी केलेली ही सर्वांत खात्रीची रीत आहे.

गरी निघाली की बहुतेक जण बोट खाडीच्या पाण्यात बुडवून पुन्हा काठी हातात घेतात. धोका येथून सुरू होतो. जखम पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी. हळद, चुना, तंबाखू यांपैकी काहीही त्यात भरू नये. छिद्र टाके घालून बंद करत नाहीत, कारण आतली घाण आतच राहते. मळक्या जखमेनंतर, मागील मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर धनुर्वाताची लस घ्यावी लागते.

त्यात पाण्यानुसार जंतू बदलतात. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या राजेगावचे उदाहरण घेता येईल. तेथून वाहणारी बाघ नदी पुढे वैनगंगेला मिळते. त्या गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्याच्या बोटातील जखमेत एरोमोनाससारखे जंतू शिरण्याची शक्यता असते. गोव्याच्या खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ कुळातील जंतू असतात. त्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस क्वचितच, पण झपाट्याने मांस सडवतो. दोन्हींवरील औषधे सारखी नसतात. गळ आणि गरी यांची वेदना राजेगावला व रायबंदरला सारखीच असली, तरी डॉक्टरांना पाणी कोणते होते हे आवर्जून सांगावे लागते, ते यासाठी. काही आठवड्यांनी जखमेच्या जागी न भरणारी गाठ आली, तरीही मासेमारीचा उल्लेख करावा. मासे व पाण्यातून येणारा मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जंतू असाच उशिरा प्रकट होतो आणि डॉक्टरांना तो सहसा सुचत नाही.

गोव्याला ही काळजी इतरांपेक्षा अधिक घ्यावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासानुसार राज्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक आहे. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे काठावर गरी घालून बसलेल्या चौघा प्रौढांत सरासरी एक मधुमेही निघावा. मधुमेहींच्या व यकृताचा विकार असलेल्यांच्या शरीरात असे संसर्ग लवकर पसरतात, आणि यकृताचा विकार मद्यपानातूनही जडतो हे नव्याने सांगायला नको. वरवरची जखम असलेल्या निरोगी माणसाला सहसा प्रतिजैविकाची गरज नसते. या दोन गटांतील व्यक्तींनी मात्र गरी सहज निघाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पुढचे दोन दिवस बोटाकडे लक्ष ठेवावे. वाढती लाली, ठणका, हाताकडे चढणारी लाल रेघ, ताप, जखमेतून पू किंवा बोट सरळ करताना असह्य कळ यांपैकी काही दिसले तर थांबू नये. निळसर फोड आले किंवा जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असेल, तर रात्र असली तरी म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. येथे तासांचाही फरक पडतो.

गरवायला निघताना डब्यात तार कापणारा पक्कड, जाड तंगुसाचा तुकडा, चष्मा, चिकटपट्टी आणि पिण्याच्या पाण्याची वेगळी बाटली ठेवली तर यातले बरेचसे काठावरच निभावते. काही जण पक्कडीने गरीचा उलटा दात आधीच दाबून चपटा करतात. तंगूस ताणलेले ठेवले तर मासा सहसा निसटत नाही, आणि बोटात शिरलेली गरी आली तशी बाहेर येते.